ज्वारी-चवळीची जमिनीखालची झटापट

पहूर गावच्या काळ्या रानात पावसाने दडी मारली, की चाऱ्यासाठी एकत्र पेरलेल्या ज्वारी-चवळीचं भांडण जमिनीखाली जुंपतं.

ज्वारीच्या तंतुमुळ्या वरच्या थरातली ओल आधी ओढून घेतात, वर पानांची सावली चवळीवर. चवळीचं सोटमूळ खोल जातं खरं. पण रोप कोवळं असतानाच ताण पडला तर तेवढी सवड मिळते कुठे? ताणाचा परिणाम बघायला चवळीचं एखादं रोप अलगद उपटून मुळावरची गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी असेल तर हवेतला नत्र स्थिर होतोय. हिरवट-करडी पडली, तर काम बंद.

म्हणून दोन्ही बियाणं एकत्र फोकण्यापेक्षा वेगळ्या ओळी बऱ्या.

आणि हो, ताणातली कोवळी ज्वारी जनावरांपुढे टाकू नये. तिच्यात हायड्रोसायनिक आम्ल वाढतं, जनावरांना किराळ म्हणजे विषबाधा होते.