देवडीवरचा पहारेकरी आणि ई-टपाल

मोठ्या कचेऱ्यांतील संगणक पुष्कळदा बाहेरच्या जगाशी थेट बोलत नाहीत. मध्ये ‘प्रॉक्सी’ नावाचा मध्यस्थ असतो. वाड्याच्या देवडीवरील पहारेकऱ्याप्रमाणे तो प्रत्येकाची मागणी ऐकतो आणि नियमात बसल्यास हवे ते पान बाहेरून आणून देतो.

मात्र प्रत्येक सेवेचे दार निराळे. साध्या संकेतस्थळांचे दार ८०, सुरक्षित संकेतस्थळांचे ४४३, सर्व्हर एकमेकांस टपाल पोचवतात ते २५ आणि पेटीतील टपाल सुरक्षितपणे वाचण्याचे ९९३. पहिल्या दोनच दारांची मुभा असली की टपाल अडते.

इंदूरच्या पोलोग्राउंडवर आज कारखाने आहेत, वीज वितरण कंपनीचे मुख्यालय आहे. त्याच भागातील एका कचेरीत नोकरीस असलेला आमचा माजी विद्यार्थी मध्यंतरी म्हणाला, “सर, आईच्या तपासण्यांचे अहवाल टपालाने येतात, ते कचेरीत उघडत नाहीत. प्रॉक्सीतून बोगदा काढला तर?”

असा बोगदा निघतो. ‘कनेक्ट’ या आज्ञेने प्रॉक्सीस सांगायचे : अमुक पत्त्याच्या अमुक दाराशी जोडून दे आणि पुढे नुसती ने-आण कर. बँकेचे व्यवहार याच रीतीने चालतात. कोणाशी बोलणे झाले हे पहारेकऱ्यास कळते. काय झाले हे कळत नाही. ४४३ ऐवजी ९९३ मागितले आणि ते मिळाले, तर टपालही तसेच येते.

मग अडचण कोठे? बाहेरच्या जगास पत्ता दिसतो तो प्रॉक्सीचा. उद्या कोणी २५ क्रमांकाकडे बोगदा काढून हजारो फसवी पत्रे धाडली, तर बोल लागतो कचेरीस. वेबच्या जून २०२२ च्या प्रमाण-दस्तऐवजात नेमका हाच इशारा आहे. ‘स्क्विड’ या प्रसिद्ध प्रॉक्सीच्या मूळ मांडणीतही ४४३ शिवाय अन्य दारांकडे बोगदा काढण्यास मनाई असते.

म्हणून आम्ही त्यास सुचविले, की व्यवस्थापकांकडे केवळ ९९३ साठी लेखी परवानगी मागावी. तोवर अहवाल स्वतःच्या मोबाइलवर पाहावेत. पत्रातील मजकूर गुप्त राखणे हा आपला हक्क आहे. पण ते पत्र दुसऱ्याच्या दारातून जात असेल, तर त्या घरच्या धन्यास निदान ठाऊक असावे.