हळद पोटात गेल्यावर

सांगली भागातील शेतकरी आठ-नऊ महिने पिकाची निगा राखून हळद काढतो, ती शिजवितो, वाळवितो व ढोलात घोळून बाजारी नेतो. हळकुंडाचा पिवळा रंग ‘कुर्कुमिन’ नावाच्या द्रव्यामुळे येतो. १०० भाग हळदीत हे द्रव्य साधारणतः २ ते ५ भाग असते. घरोघरी खोकल्यावर वा मुका मार लागल्यावर दुधातून हळद देतात. जितकी हळद अधिक तितका गुण अधिक, असा पुष्कळांचा समज असतो. शरीराचा कारभार मात्र निराळा आहे.

कुर्कुमिन पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे त्याचा बराच भाग शोषला न जाता मळावाटे निघून जातो. जो थोडा भाग शोषला जातो, त्यास शरीर परका पदार्थ मानते. आतड्याच्या अस्तरात व यकृतात त्यास ग्लुकुरॉनिक आम्ल किंवा सल्फेट जोडले जाते. या जोडणीने ते पाण्यात विरघळण्याजोगे होते आणि पित्तावाटे व लघवीवाटे बाहेर पडते. म्हणून खाल्लेल्या हळदीच्या मानाने रक्तात पोहोचणारे कुर्कुमिन अत्यल्प असते.

मिरीतील ‘पायपरिन’ हे द्रव्य या जोडणीस अडथळा आणते. १९९८ साली बंगलोर येथील सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातील संशोधकांनी निरोगी माणसांना २ ग्रॅम कुर्कुमिन दिले, तेव्हा रक्तात ते जेमतेम आढळले. सोबत २० मिलिग्रॅम पायपरिन देताच ते प्रमाण सुमारे २० पट झाले. इतके पायपरिन चिमूटभर मिरपुडीत असते.

परंतु हीच गोष्ट जपून वागण्याचे कारण होय. डॉक्टरांनी दिलेल्या अनेक औषधांची विल्हेवाटही यकृतच लावते. पायपरिनमुळे फेपऱ्यावरील फेनिटॉइन, हृदयविकारावरील प्रोप्रॅनोलॉल व दम्यावरील थिओफिलिन या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. बेताने दिलेली मात्रा अशा वेळी जास्त ठरू शकते. इटलीत २०१९ साली हळदीच्या अर्काच्या गोळ्या घेणाऱ्या काही जणांना यकृतदाह झाल्याचे आढळले.

स्वयंपाकातील हळदीची भीती बाळगण्याचे कारण नाही. आमटीतील चिमूटभर हळद निराळी आणि अर्क काढून मिरीसह बनविलेली गोळी निराळी. झाडपाल्याचे औषध म्हणजे निर्धोकच, ही समजूत मात्र सोडली पाहिजे.

ग्रामसेवकांनी गावातील बैठकीत पुढील गोष्टी आवर्जून सांगाव्यात. फेपरे, हृदयविकार, दमा किंवा रक्त पातळ करण्याची औषधे चालू असलेल्यांनी अशा गोळ्या व काढे आपल्या मनाने घेऊ नयेत. घेत असल्यास डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. गोळ्या घेताना डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद होऊ लागली, तर त्या तत्काळ बंद करून दवाखाना गाठावा.