गोडी राखा, साखर आवरा

वसमत तालुक्यातील हट्टा गावच्या माणसाला ‘साखर कमी खा’ असे सांगणे म्हणजे धाडसाचेच काम. हा मुलूख उसाचा. वसमतला पूर्णा सहकारी साखर कारखाना उभा आहे. ज्या पिकाच्या भरवशावर लेकीच्या लग्नाची तारीख धरायची, त्याच पिकाच्या साखरेला नावे कशी ठेवायची? शिवाय मानपानाची गोष्ट आहेच. पाहुण्याच्या चहात साखर कमी पडली, की घरधनिणीचा हात आखडला म्हणतात. ‘फिक्का चहा पाजला’ हा बोल चार गावे हिंडून पुन्हा आपल्याच दारात येतो.

म्हणून वाचकहो, तुम्ही गोड सोडा, असे मी सांगणार नाही. होळीची पुरणपोळी राहील, संक्रांतीचा तिळगूळ राहील, आणि धोंड्याच्या महिन्यात जावईबापूंच्या ताटात धोंडेही पडतील. सांगायचे ते एवढेच, की गोडी निराळी आणि साखर निराळी. जिभेला हवी असते गोडी. ती थोड्या साखरेतही पुरेशी मिळते. मात्र जिभेला तशी सवय लावावी लागते.

आता कुणी म्हणेल, ‘आमचे आजोबा गुळाचा खडा खाऊन ऐंशी वर्षे जगले, मग आम्हालाच ही भीती का?’ आजोबा दिवसभर रानात राबत होते. त्यांचा गूळ अंगात साठत नव्हता, खर्ची पडत होता. आज मोटारसायकल आली, पंपाला वीज आली, अंगमेहनत कमी झाली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. साखर खाल्ली की मधुमेह झाला, इतके हे गणित सरळ नाही. त्यात आनुवंशिकता आहे, पोटावरची चरबी आहे, बैठे काम आहे. पण गरजेपेक्षा जास्त साखर वजन वाढवते, आणि वाढलेले वजन या आजाराला वाट करून देते. दातांचे नुकसान तर थेट आहे. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल बनवतात आणि ते आम्ल दात पोखरते. जेवताना एकदा खाल्लेल्या गोडापेक्षा दिवसभर चघळलेली गोळी मुलांच्या दातांना अधिक बाधते.

मग किती साखर चालेल? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेला सल्ला असा, की वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांचे रस या सर्वांची मिळून साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावी. साधारण प्रौढ माणसाला हे सुमारे ५० ग्रॅम होतात. २५ ग्रॅमच्या आत राहता आले तर अधिक चांगले. अख्खे फळ आणि दुधातील मूळची गोडी या हिशेबात धरलेली नाही.

आता आपल्या चहाचा हिशेब करा. सपाट चमचाभर साखर म्हणजे सुमारे ४ ग्रॅम. कपाला दोन चमचे आणि दिवसाला चार कप, म्हणजे ३२ ग्रॅम. महिन्याला हे जवळजवळ एक किलो झाले, तेही एका माणसाचे! पुरणपोळी वर्षातून मोजक्या दिवशी होते आणि तिची आठवण वर्षभर राहते. चहातली किलोभर साखर मात्र ध्यानातही राहत नाही. म्हणून कात्री लावायची ती इथे, सणाच्या ताटाला नव्हे.

‘मग आम्ही गुळाचा चहा घेऊ,’ असे पुष्कळजण म्हणतात. खुशाल घ्या, पण औषध म्हणून घेऊ नका. गुळात थोडे लोह आणि क्षार असतात हे खरे. तरी त्याचा बहुतेक भाग साखरच आहे, आणि वजनाला वजन धरले तर उष्मांकही जवळपास तेवढेच. मधाचीही गोष्ट फार वेगळी नाही. रसवंतीवरच्या पेलाभर उसाच्या रसात तर पाच-सात चमचे साखर सहज असते. त्यापेक्षा उसाचे कांडे दातांनी सोलून खा. दोन पेरे खाईपर्यंत जबडा दुखतो आणि तिथेच हात थांबतो.

जिभेची सवय बदलते का? बदलते, मात्र एकदम नाही. अमेरिकेत झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही माणसांनी तीन महिने साखर कमी केली. त्यानंतर तोच पदार्थ त्यांना पूर्वीपेक्षा अधिक गोड लागू लागला. आपणही दोन चमच्यांवरून एकदम शून्यावर येऊ नये. दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी करावा. दोन महिन्यांत एका चमच्यावर याल, आणि मग जुना चहा समोर आला तर तुम्हीच म्हणाल, ‘हा चहा की पाक?’ चार कपांमागे वर्षाला पावणेसहा किलोच्या वर साखर वाचली, ती निराळीच.

स्वयंपाकघरातही काही युक्त्या आहेत. वेलची, जायफळ, केशर यांचा वास आला, की पदार्थ आहे त्याहून गोड वाटतो, कारण चवीचा मोठा भाग नाकाकडे असतो. पुरणाला वाटीभर डाळीला वाटीभर गूळ हे आपले प्रमाण. पाऊण वाटी घालून जायफळ थोडे सढळ किसा. पाहुण्यांना सांगितले नाही तर कळायचेही नाही. गव्हाच्या खिरीत गूळ कमी करून खोबरे, खसखस वाढवा. कोमट पदार्थ थंडापेक्षा गोड लागतो. आइसक्रीमला साखर जास्त घालावी लागते ती याचसाठी. म्हणून खीर गरम असतानाच वाढा.

काही जिनसांना स्वतःचीच गोडी असते. रताळे विस्तवात हळूहळू भाजले, की त्यातल्या पिठाची साखर होते. त्याला वरून काही लागत नाही. घारग्यांना लाल भोपळा चांगला पिकलेला घ्या, गूळ कमी लागेल. ज्वारीची भाकरीसुद्धा नीट चावून खाल्ली, तर लाळेने पिठाचे रूपांतर होऊन तोंडात गोडसर चव येते. जेवणानंतर गोड हवेच असेल, तर एखादी खारीक किंवा अर्धे केळे तोंडात सावकाश घोळवावे. घाईने गिळलेल्या दोन पेढ्यांपेक्षा त्याने मन लवकर भरते.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. मधुमेहाचे औषध किंवा इन्शुलिन चालू असलेल्यांनी आहारातील बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. केळी, आंबा, रताळे हेही त्यांना मोजूनच खावे लागते. आणि अशा माणसाला एकाएकी घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले, तर त्या वेळी ‘साखर वाईट’ म्हणत बसू नका. शुद्धीवर असेल तर ताबडतोब साखरपाणी द्या आणि दवाखाना गाठा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये.

राहिला पाहुण्यांचा मान. त्यालाही उपाय आहे. चहा कमी साखरेचा करावा आणि बशीशेजारी साखरेची वाटी व चमचा ठेवावा. ‘घ्या हो, तुमच्या अंदाजाने घ्या,’ एवढे म्हटले, की हात आखडल्याचा बोल लागत नाही. आणि ज्याला साखर वर्ज्य आहे, त्याला चारचौघांत आपले दुखणे सांगावे लागत नाही. पूर्वी दारी आलेल्या वाटसरूला गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या देत. त्या खड्याने त्याचे पोट थोडेच भरत होते? तरी मान पुरा होत होता. उसाच्या गावाने साखर जगाला खुशाल विकावी. आपल्या कपात मात्र ती चमचा मोजूनच घालावी.