केसपेपर हरवतो तेव्हा...

किनवटहून नांदेडकडे निघालेल्या एसटीत एखादा तरी प्रवासी प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून बसलेला दिसतो. पिशवीत घड्यांवर फाटत चाललेले केसपेपर असतात, रक्ताचे अहवाल असतात, मेडिकलची बिले असतात. दवाखान्याची पायरी चढण्यापूर्वी माणूस आधी ती पिशवी चाचपतो. आजाराचा सारा इतिहास तिच्यात! ती पावसात भिजली किंवा ऊसतोडीच्या फडावर राहून गेली, की तो इतिहास गेला.

तसे हे दुखणे सगळ्याच रुग्णांचे. पण किनवट-माहूरच्या डोंगराळ मुलखात सिकलसेलमुळे त्याला वेगळी धार आहे. गोंड, कोलाम, प्रधान या समाजांत हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये अशा पेशींचे वर्णन केले. भारतात निलगिरीच्या आदिवासींत त्या १९५२ मध्ये आढळल्या. दुखणे जन्मभराचे, तेव्हा नोंदही जन्मभराची हवी.

नोंद नसली तर काय बिघडते? समजा, पंधरा वर्षांची मुलगी मध्यरात्री अंग ठणकते म्हणून रुग्णालयात आली. हिमोग्लोबिन निघाले सात. अनोळखी डॉक्टर घाबरून रक्त चढवण्याची तयारी करील. पण या मुलीचे हिमोग्लोबिन नेहमीच सात-आठ असते, हे त्याला कोण सांगणार? पूर्वी किती वेळा रक्त चढवले, तेव्हा काही त्रास झाला का, हेही कळायला हवे. कारण वारंवार रक्त घेतलेल्यांच्या शरीरात परक्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होऊ शकतात आणि लोहही साचते. अशा रुग्णाला 'रक्त कमी आहे' म्हणून डोळे झाकून लोहाच्या गोळ्या लिहून देणे बरोबर नव्हे. हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर रक्तपेशींची मागची मोजणी समोर असल्यावाचून मात्रा ठरवता येत नाही.

त्यातून किनवटचा रुग्ण एका दवाखान्याला बांधलेला नसतो. आज गोकुंद्याचे उपजिल्हा रुग्णालय, उद्या शंभराहून अधिक किलोमीटरवरचे नांदेड. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा, आणि दुसरीकडे राज्याची हद्द ओलांडली की तेलंगणातले आदिलाबाद. रुग्ण फिरतो, केसपेपर मात्र जिथल्या तिथे.

संगणकाचे खरे काम इथे आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यात प्रत्येकाला चौदा अंकी 'आभा' क्रमांक मिळतो आणि रुग्णाच्या संमतीने वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या नोंदी त्याला जोडता येतात. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करून निष्कर्ष संगणकावर नोंदवायचे ठरले.

क्रमांक मिळाला म्हणजे नोंद झाली, असे मात्र नव्हे. रिकाम्या खात्याचे पासबुक काय कामाचे? आधी रजिस्टरमध्ये आणि मग तेच पुन्हा संगणकात लिहिण्याचे काम परिचारिकेच्या माथी मारले, तर संगणकातला रकाना रिकामाच राहणार. एका ठिकाणी नावाची एक तऱ्हा, दुसऱ्या ठिकाणी दुसरी. एकाच मुलीची तीन खाती होतात. शिवाय यंत्रणा उभी राहिली म्हणजे ती टिकतेच असेही नाही. राज्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली संगणकप्रणाली जुलै २०२२ मध्ये पुरवठादाराशी झालेल्या वादात बंद पडली आणि कारभार पुन्हा हाती लिहिलेल्या कागदावर आला. कंत्राट करतानाच जुन्या नोंदींची मालकी लिहून घ्यायला नको का?

आणखी एक अवघड गोष्ट आहे. आई-वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता पंचवीस टक्के. म्हणून लग्नाआधी तपासणी हवीच. पण मुलगी वाहक असल्याची कुजबूज गावात झाली, की स्थळे परत फिरतात. एस्टोनियाने २००८ पासून देशव्यापी आरोग्यनोंद चालवली आहे. तिथे आपली नोंद कोणी उघडली हे नागरिकाला पाहता येते. आपल्या तांड्यापाड्यांवरच्या मुलीला हा हक्क तिथल्यापेक्षा अधिक लागेल.

तोवर प्लास्टिकच्या पिशवीला पर्याय नाही. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर एका वहीच्या पहिल्याच पानावर चार गोष्टी डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात: नेहमीचे हिमोग्लोबिन, रक्तगट, चालू औषधे आणि रक्त चढवल्याच्या तारखा. शक्य झाल्यास त्या पानाचा फोटो घरातल्या दोघातिघांच्या मोबाइलवर ठेवावा.