कोंबडीची गादी: तूस, भुसा की काथ्या?

कोंबडी लघवी करत नाही! तिच्या शिटेवर जी पांढरी टोपी दिसते, तीच तिची लघवी. युरिक आम्लाच्या रूपात घट्ट झालेली. त्याला ओल लागली की जिवाणू त्यातून अमोनिया तयार करतात आणि खुराड्याचं दार उघडताच डोळे चुरचुरतात. म्हणजे खरा शत्रू आहे ती ओल. गोव्यातल्या फोंड्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तेव्हा कोंबड्यांच्या पायाखाली काय अंथरता याला फार महत्त्व आहे.

माझं मत सरळ तुसाला. भात गिरणीवर सडलं की वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा तूस निघतं. गुरं ते खात नाहीत, शेतात टाकलं तर लवकर कुजत नाही, कारण त्यात सिलिका ठासून भरलेली असते. तूस जाळा, मागे राहणाऱ्या राखेत 90 टक्क्यांच्या आसपास सिलिकाच! हाच हट्टीपणा खुराड्यात कामाला येतो. तूस पाणी फारसं पीत नाही, त्याचा गोळा होत नाही, हवा खेळती राहते आणि ओल उडून जाते.

नारळाच्या काथ्याचा भुसा नेमका उलटा. स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पितो. ऐकायला झकास, पण जुलैत प्यायलेलं पाणी तो सोडणार कधी? उन्हाळ्यात खुशाल वापरा, पावसाळ्यात फक्त तुसात थोडासा मिसळून. उसाच्या चिपाडाचंही तेच: ओल लागली की बुरशी धरते. धारबांदोड्याच्या संजीवनी साखर कारखान्याचं गाळप बंद पडल्यापासून ते इथं तसंही सहज मिळत नाही.

मुठीची परीक्षा

गादीतलं मूठभर उचला आणि घट्ट आवळा. मूठ उघडल्यावर किंचित चिकटून लगेच विस्कटलं, तर उत्तम. लाडू वळला, तर ओल वाढली आहे. दाताळ्याने वरखाली करा, कोरडं तूस घाला आणि पाण्याच्या भांड्याखालचा ओला थर आधी उचलून टाका. गादी बहुतेक वेळा तिथूनच बिघडते. नुसतीच धूळ उडाली, तर ती कोंबड्यांच्या फुफ्फुसात जाते, तेही वाईट.

पिल्लांना बारीक करवती भुसा खाद्यच वाटतो! ती तो टिपत बसतात आणि दाण्याला तोंड लावत नाहीत. म्हणून पहिले काही दिवस गादीवर गोणपाट पसरा. गुळगुळीत वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरून फाकतात आणि पिल्लू कायमचं अधू होऊ शकतं. सुताराकडून आणायचंच तर अस्सल लाकडाची रंध्याची सालपटं आणा. प्लायवुडच्या भुशात चिकटद्रव्यं असतात, तो दारातही नको.

धुळीच्या अंघोळीची ओढ तर इतकी, की तारेच्या पिंजऱ्यात, पायाखाली चिमूटभरही धूळ नसताना कोंबडी अंघोळीचे सगळे हावभाव करते. एका कोपऱ्यात चुलीची राख आणि कोरडी माती ठेवा. पिसांतलं जुनं तेल आणि उवा दोन्ही निघतात.

आणि कोंबडीचे ते पिवळे पाय कुठून आले? 2008 मधल्या जनुकीय संशोधनात दिसलं की, पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचं जनुक करड्या रानकोंबड्याकडून आलं आहे. हा पक्षी सह्याद्रीचा रहिवासी. आपल्या फोंडा तालुक्यातल्या बोंडल्याच्या रानातही पाला उकरत फिरतो. सुका पाला ही कोंबडीची मूळ गादी आहे ती अशी. खुराड्यात मात्र पाला लवकर चपटा होऊन ओल धरतो, तेव्हा तोही तुसात मिसळूनच.

जुनी गादी सगळी काढायची घाई नको. वर कोरडं तूस घालत, ढवळत राहिलं तर खालचे जिवाणू शीट कुजवतात आणि जीवनसत्त्व ब12 सुद्धा बनवतात. हे जीवनसत्त्व शास्त्रज्ञांनी 1948 मध्ये वेगळं काढलं. कोंबड्या मात्र ते उकरून कधीपासून खात होत्या!

शेवटी निघालेली गादी माड-पोफळीला सोनं, पण ताजी घातली तर मुळं करपतात. काही महिने ढीग झाकून कुजू द्या आणि कुळागरात भर पावसात टाकू नका; नाहीतर सगळं नत्र ओहोळातून वाहून जाईल.