नगर आणि नागरिक (लेखांक सातवा) : ओट्याची हद्द आणि रस्त्याची हद्द

गेल्या लेखांकात नगरसंस्थेच्या उत्पन्नाच्या बाबींचा परामर्श घेताना बाजारातील गाळ्यांच्या भाड्याचा ओझरता उल्लेख आला होता, आणि तो विषय पुढे सविस्तर घेण्याचे आश्वासन वाचकांना दिले होते. ते आज पुरे करावयाचे आहे; मात्र गाळ्यापाशी पोहोचण्यापूर्वी गाळ्यापुढच्या रस्त्याने थोडे चालणे प्राप्त आहे, कारण रस्ता, चौक, मैदान, उद्यान अशा सार्वजनिक म्हणविल्या जाणाऱ्या जागांचे भवितव्य बहुधा त्यांच्या कडेला उभ्या असलेल्या इमारतींच्या उंबरठ्यावर ठरते, आणि ते इतक्या सावकाश ठरते की ज्या पिढीच्या डोळ्यांदेखत जागा जाते तिला ती गेल्याची वार्ताही लागत नाही. खानदेशातील धुळे आणि जळगाव ही दोन शहरे या दृष्टीने मोठी बोलकी आहेत.

पेशवाईच्या अस्तानंतर १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली आला आणि दुसऱ्याच वर्षी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने, मुंबई-आग्रा मार्गावरचे मध्यवर्ती ठिकाण म्हणून, धुळ्याला आपले ठाणे केले. त्या वेळचे धुळे म्हणजे पांझरा नदी आणि पाटाचे पाणी यांच्या बेचक्यात सापडलेले, भोवती बागायत असलेले, ४०१ घरांचे आणि २,५०९ माणसांचे लहानसे गाव होते. त्याला वाढावयास जागाच नव्हती. तेव्हा जुन्या वस्तीबाहेर नवी पेठ वसविण्याचे ठरले, परमुलखांतून व्यापारी आणि कारागीर बोलाविण्यात आले, घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने देण्यात आल्या, आणि घरे पक्की बांधता यावीत म्हणून आगाऊ रकमाही वाटण्यात आल्या. आजही ज्यांची ओळख केवळ क्रमांकाने दिली जाते त्या धुळ्याच्या सरळ गल्ल्या पाहिल्या म्हणजे आखीव वस्तीचे संस्कार किती काळ टिकतात याची साक्ष पटते. (धुळ्याची आखणी सर विश्वेश्वरय्यांनी केली, असे येथे कोणीही अभिमानाने सांगेल. तो थोर अभियंता १८८० च्या दशकात उमेदवारीच्या दिवसांत खानदेशात होता हे खरे. पण नव्या पेठेची स्थापना त्याच्या जन्मापूर्वी सुमारे चाळीस वर्षांची आहे, आणि अभिमानाला सनावळीचे बंधन नसते.)

या व्यवहारात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, सरकारने जमीन फुकट दिली ती घराची. घरापुढचा रस्ता कोणालाही दिला नाही. घरमालकाच्या जागेला मोल आले ते त्या न दिलेल्या रस्त्यामुळे. रुंद रस्त्यावरची जागा हवी म्हणून माणूस व्यापाराला येतो, आणि एकदा स्थिरस्थावर झाला म्हणजे जिच्यासाठी तो आला त्या रुंदीवरच हात टाकतो, हा नगरांच्या इतिहासातील नित्याचा क्रम आहे.

तो क्रम जवळून पाहावयाचा तर धुळ्याचा आग्रा रोड पाहावा. ज्या हमरस्त्याच्या सोयीसाठी शहर वसले त्याची लांब पल्ल्याची रहदारी गावाबाहेरून जाऊ लागली आणि मूळ रस्ता कापड, भांडी, औषधे, चपला यांची मुख्य बाजारपेठ होऊन बसला. येथे दुकानाच्या उंबरठ्याखाली पायरी असते, पायरीखाली गटार आणि गटारापलीकडे सडक. गटार उघडे, गिऱ्हाइकाचा पाय त्यात जाण्याची भीती, म्हणून दुकानदार त्यावर फरशी टाकतो. यात वावगे काहीच नाही. किंबहुना महापालिकेने करावयाचे काम त्याने केले म्हणून शेजारी त्याला दुवाच देतात. काही दिवसांनी फरशीवर मालाची दोन खोकी येतात. उन्हापावसाने माल खराब होतो म्हणून वर पत्रा येतो, पत्र्याला आधार म्हणून लोखंडी खांब येतात, आणि खांब आले की दुकानाचे शटर मागच्या भिंतीवरून पुढच्या खांबांवर सरकते. गटार साफ करणाराला आता आत शिरता येत नाही, म्हणून पहिल्या पावसात पाणी रस्त्यावर येते. आणि त्या पाण्याबद्दल अर्ज द्यावयाला जे लोक महापालिकेत जातात त्यांत फरशीचा धनी अग्रभागी असतो! यांतील कोणती पायरी गुन्ह्याची, हे नेमके सांगणे कठीण आहे, आणि अतिक्रमणाचे खरे बळ या संदिग्धतेतच साठविलेले आहे.

अतिक्रमण हा शब्द उच्चारताच मात्र आपल्या डोळ्यांपुढे दुकानदाराचा पत्रा येत नाही. येते ती फळांची हातगाडी. गाडी हलविता येते, म्हणून ती हटविणे सोपे, आणि सोप्या गोष्टीला मोहीम असे भारदस्त नाव देण्याची आपल्याकडे रीत आहे. वस्तुतः हातगाडीवाल्याचा व्यवहार बारकाईने पाहिला तर तो रस्त्याचा फुकट उपभोग घेतो असे म्हणता येत नाही. नगरसंस्थेचा वसुलीवाला त्याच्याकडून रोजची पावती फाडतो, आणि ज्या दुकानापुढे गाडी लागते त्या दुकानाचा मालकही पुष्कळदा सडकेच्या त्या चार हातांचे भाडे हक्काने घेतो. म्हणजे जी जागा मालकाची नाही तिचे भाडे मालकाला मिळते, आणि जी पावती परवाना नाही ती परवान्यासारखी खिशात जपली जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सोदान सिंग यांच्या प्रकरणात पथावर व्यापार करण्याचा हक्क, योग्य निर्बंधांसह, मान्य केला; पुढे २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र कायदा होऊन विक्रेत्यांची पाहणी, नगर पथविक्रेता समिती आणि विक्रीची क्षेत्रे यांची तरतूद झाली. कायदा स्पष्ट आहे. परंतु विक्रीक्षेत्र ठरवायचे तर आधी रस्त्याची खरी हद्द मोजावी लागते, आणि ती मोजणी करताना टेप पहिल्यांदा पत्र्याच्या खांबाला अडते. त्यामुळे समितीच्या सभा होतात आणि गाड्या होत्या तेथेच राहतात.

जळगावची घडण निराळी. कापूस आणि रेल्वे यांच्या योगाने ते गाव वाढले. तरी जुन्या जळगावात रस्त्याची हद्द राखणारी एक व्यवस्था अशी आहे की जिचा उल्लेख नगररचनेच्या कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. सद्गुरू अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केलेला हा उत्सव दीडशे वर्षे ओलांडून गेला आहे. हा अवजड लाकडी रथ माणसे ओढतात, आणि त्याला वळविण्याचे व थोपविण्याचे साधन म्हणजे चाकाखाली नेमक्या क्षणी सारावयाची मोगरी. ज्याला अरुंद रस्त्यात वळण घेताना मोगरीवाल्यांची धावपळ आणि मागून येणाऱ्या रेट्याचे वजन जवळून पाहावयास मिळाले आहे, त्याला रस्त्याची रुंदी ही कागदावरची संख्या नसून चाकाची गरज आहे हे निराळे सांगावे लागत नाही. रथ येणार म्हणून त्या मार्गावरच्या तारा, फलक, पुढे आलेले आडोसे दूर होतात. त्यासाठी कोणाला नोटीस लागत नाही, कोणी स्थगितीसाठी न्यायालयात धावत नाही. वर्षातून एक दिवस का होईना, रस्ता आपल्या मूळ मापाला येतो. वहिवाटीने हक्क शाबूत राहतो हे तत्त्व आपण खासगी बांधाच्या आणि पायवाटेच्या दाव्यांत नेहमी ऐकतो. येथे सबंध गाव आपली वहिवाट बजावीत असते. देवाच्या भीतीने जे सुटते ते कायद्याच्या भीतीने का सुटत नाही, हा प्रश्न कोणी विचारील तर त्याचे सरळ उत्तर असे की, देव पावती फाडून मागाहून परत जागा देत नाही.

आता गाळ्यांकडे येऊ. जळगावच्या नगरपालिकेने, जिची २००३ मध्ये महानगरपालिका झाली, स्वतःच इमारती बांधण्याचा मार्ग मोठ्या हौसेने पत्करला. तिची सतरा मजली कचेरी लांबवरून दिसते, आणि फुले मार्केटसारखी व्यापारी संकुले शहरात जागोजागी उभी आहेत. सार्वजनिक जागेवर सार्वजनिक संस्थेने बांधलेले, पण एकेका गाळ्याने खासगी ताब्यात गेलेले, असे हे संकुल म्हणजे सार्वजनिक आणि खासगी यांच्या मधला विलक्षण मुलूख होय. गाळेधारकाचा करार असतो गाळ्यापुरता. परंतु संकुलातील बोळ, जिने, आवार यांचा उपभोग सर्वांचा आणि देखभाल कोणाचीच नाही, असा प्रकार होतो. २०१२ च्या सुमारास बहुसंख्य गाळ्यांच्या कराराची मुदत संपली, आणि तेव्हापासून भाडे किती, थकबाकी किती, नूतनीकरण की लिलाव, या वादात वर्षांमागून वर्षे गेली. गाळेधारकांची बाजू अगदीच पोकळ नाही. ज्याने हयात त्या गाळ्यात काढली त्याला एका ठरावाने उठविणे न्यायाचे नव्हे. मला खटकते ती गोष्ट वेगळी. या सबंध वादात नगरसंस्था आणि गाळेधारक असे दोनच पक्षकार ऐकू येतात; ज्याच्या जागेवर हे उभे आहे तो बाजारात पिशवी घेऊन आलेला माणूस, ज्याला त्या बोळातून धड चालता येत नाही, तो या दाव्यात सामीलच नाही.

याच शहरात याच्या उलट टोकाचीही उदाहरणे आहेत. रेल्वे स्थानकाजवळ जेथे खानदेश मिल होती त्या भूमीवर आज खानदेश सेंट्रल नावाचे व्यापारी संकुल आहे. काव्यरत्नावली चौकातील भाऊंचे उद्यान जैन उद्योगसमूहाने फुलविले आणि राखले. उद्यान सुंदर आहे, स्वच्छ आहे, आणि त्याबद्दल कृतज्ञ न राहणे हा कोतेपणा होईल. तरीही मिलच्या जागी आलेल्या बाजारात काय, किंवा दात्याने राखलेल्या बागेत काय, आपण असतो ते कोणाच्या तरी परवानगीने. तेथे सभा भरविता येईल काय, पत्रके वाटता येतील काय, फाटक्या कपड्यांतला म्हातारा दुपारभर बाकावर निजला तर त्याला कोणी उठवील काय, या प्रश्नांची उत्तरे रस्त्यावर एक असतात आणि फाटकाच्या आत दुसरी. न्यूयॉर्क शहराने १९६१ मध्ये असा नियम केला की, जो मालक इमारतीपुढे खुली जागा सोडील त्याला वर अधिक चटईक्षेत्र मिळेल. मालकांनी मजले घेतले आणि जागाही सोडल्या, पण कित्येक ठिकाणी अशा की तेथे कोणी टेकूही नये. कठड्यांवर लोखंडी खिळेसुद्धा बसविले. विल्यम व्हाइट या अभ्यासकाने त्या जागांत माणसे कोठे बसतात आणि कोठे बसत नाहीत याची चित्रफितींवरून वर्षानुवर्षे टिपणे केली, तेव्हा कोठे नियम बदलले आणि बसण्याच्या जागा बंधनकारक झाल्या.

आपल्याकडे मजल्यांच्या बदल्यात चौक मिळत नाही. आपल्याकडे मिळते ती अभिन्यासातली खुली जागा, जिला धुळ्या-जळगावच्या कॉलन्यांत सारे ओपन स्पेस म्हणतात. चाळीस गुंठ्यांवरच्या जमिनीचे प्लॉट पाडावयाचे तर दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. प्लॉट विकणारा त्या जागेवर बाग दाखवितो. प्लॉट विकून झाले की तेथे काटेरी झुडपे आणि बांधकामाचा राडारोडा. मग कोणी एक देवळी बांधतो, देवळीपुढे मंडप, मंडपाशेजारी भांड्यांची खोली, आणि अखेर त्या मंडपात लग्ने लागू लागून कोणत्याशा मंडळाचा अध्यक्ष त्याचे भाडे ठरवितो. देवाचे नाव असल्याने बोलणाऱ्याची पंचाईत होते. जुन्या जळगावात ज्या श्रद्धेने रस्ता मोकळा होतो तीच श्रद्धा नव्या कॉलनीत जागा अडविते, याचा विचार रथाची दोरी हाती धरणाऱ्यांनीच करावा.

अशा ठिकाणी संस्थेचा ठराव असला तरी तो अखेरचा शब्द नसतो. बंगळूरमध्ये उद्यानाची जागा खासगी शुश्रूषागृहाला देण्यात आली होती, ते वाटप सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रद्द ठरविले; लखनौच्या अमीनाबादेतील झंडेवाला पार्कखाली तेथील महापालिकेच्याच संमतीने भुयारी बाजार बांधला जात होता, तो पाडून पार्क पूर्ववत करण्याचा हुकूम त्याच न्यायालयाने १९९९ मध्ये दिला. नगरसंस्था अशा जागांची विश्वस्त असते, मालक नव्हे, ही त्यामागची भूमिका. ज्या वाचकाला आपल्या कॉलनीतील ओपन स्पेसची शंका असेल त्याने महापालिकेच्या नगररचना विभागात अर्ज देऊन मंजूर अभिन्यासाची नक्कल घ्यावी, तीवर खुल्या जागेचे क्षेत्र आणि चतुःसीमा पाहाव्या, आणि नगर भूमापन कार्यालयातून त्याच जागेचा मिळकत पत्रिकेचा उतारा काढून भोगवटादार म्हणून कोणाचे नाव लागले आहे ते ताडून पाहावे. दोन्ही कागदांत तफावत निघाली तर दाद कोणाकडे आणि कोणत्या कलमाखाली मागावी, याचा विचार पुढील आठवड्यात.