जुन्या संगणकाची तक्रार आणि हार्डडिस्कवरील आरोप

दहा-बारा वर्षे इमानेइतबारे चाकरी केलेला घरचा संगणक एखाद्या सकाळी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ दाखवून निश्चल झाला, की ‘हार्डडिस्क गेली’ हा निकाल घरातील जाणत्यांकडून आणि कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडून इतक्या तत्परतेने दिला जातो, की आरोपीची कैफियत ऐकून घेण्याचे भानही कोणास राहत नाही. मग नवी डिस्क येते, जुनी भंगारात जाते आणि तिच्यावरील लग्नाचे फोटो व वर्षानुवर्षांचे हिशेबही तिच्याबरोबर जातात. आणि हे सारे पुष्कळदा अकारण घडते. पडद्यावरची ओळ यंत्राचा प्रारंभ कोणत्या टप्प्यावर खुंटला एवढेच सांगत असते. अमुक एक भाग निकामी झाला, असे ती क्वचितच म्हणते.

हे टप्पे ध्यानात घेतले म्हणजे अर्धी शहानिशा होते. कळ दाबल्यावर प्रथम एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याची पेटी, आपले विद्युत्‌दाब स्थिर झाल्याची इशारत देतो. मग मदरबोर्डवरील बायोस जागा होऊन रॅम, ग्राफिक्स, कीबोर्ड यांची झडती घेतो. ती निर्वेध पार पडल्यावर ठरलेल्या अनुक्रमाने एकेका साधनाचा पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर वाचून त्यात प्रारंभाची आज्ञावली आहे की नाही ते पाहतो. आणि ती सापडली तरच पुढचा कारभार विंडोजकडे जातो. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेली ही वहिवाट जुन्या घरगुती यंत्रांत आजही तशीच आहे.

आता ‘डिस्क बूट फेल्युअर’ या वाक्याचा अर्थ पाहा. बायोसने ज्यांना ज्यांना विचारले त्यांपैकी कोणापाशीही प्रारंभाची आज्ञावली मिळाली नाही, एवढेच त्यात म्हटले आहे. विचारण्याचा क्रम बदलला असेल, केबल सैल झाली असेल, अथवा डिस्क खरोखरीच गप्प असेल. याउलट विंडोज एक्सपीच्या यंत्रावर ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ किंवा विंडोज ७ च्या यंत्रावर ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ असे दिसले, तर डिस्क मेल्याची समजूत करून घेणारे लोक एक मौजेची गोष्ट विसरतात : हे वाक्य बायोसच्या संग्रही नसतेच, ते पार्टिशनच्या आरंभीच्या सेक्टरमध्ये लिहिलेले असते, म्हणजे ते पडद्यावर उमटले ते कोणत्या तरी डिस्कवरून वाचले जाऊनच उमटले. ती डिस्क फिरत आहे, तिचे हेड वाचत आहे, केबलही जागेवर आहे. हरवली आहे ती एक फाइल. इतकेच नव्हे, तर नुसती गाणी भरलेला पेनड्राइव्ह यंत्राच्या पाठीमागे खोचलेला राहिला, तरी त्याच्या सेक्टरमधून हेच वाक्य निघू शकते. तो उपसून यंत्र पुन्हा चालू करणे हा पहिला उपचार.

दुसरा निरपराध आरोपी म्हणजे मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल. सीआर २०३२ या नावाचा हा ३ व्होल्टचा सेल क्षीण झाला, की घड्याळ मागल्या कुठल्यातरी सालात जाऊन बसते, बायोसच्या नोंदी पुसतात आणि यंत्र ‘सीमॉस चेकसम एरर’ असे बजावून एफ-१ दाबण्याची मागणी करते. सेल गेला म्हणजे डिस्कवरील माहिती गेली, ही समजूत निराधार आहे. परंतु नोंदी मूळपदावर आल्यामुळे साटाची, म्हणजे डिस्कच्या जोडणीची, पद्धत एएचसीआयवरून आयडीईवर गेली, तर विंडोज ७ निळा पडदा दाखवून ०x७बी या क्रमांकाच्या चुकीवर थांबते, आणि मग डिस्कवर नाहक खापर फुटते. ती एक नोंद पूर्ववत केली की काम भागते. चुकलेल्या तारखेमुळे ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे नाकारतो आणि घरचे लोक इंटरनेट कंपनीला फोन करतात, ते निराळेच.

दिवाळीच्या साफसफाईत यंत्र ओढून झाडले, की दुसऱ्या दिवशी तक्रार यावी हा योगायोग नव्हे. आरंभीच्या साटा केबलींना खटका नसे. त्या धक्क्याने सरकतात. डिस्कच्या स्वयंपरीक्षणाच्या, म्हणजे स्मार्टच्या, नोंदींत सीआरसी चुकांचा आकडा वाढत असेल, तर दोष तबकडीचा नसून बहुधा वाटेतल्या केबलीचा असतो. थकलेला एसएमपीएसही डिस्कची मोटर फिरवणारा १२ व्होल्टचा दाब टिकवू न शकल्याने तिच्या आजाराचे हुबेहूब सोंग आणतो.

डिस्क खरोखर आजारी असेल तेव्हाचे गैरसमज अधिक घातक. तिच्यात निर्वात पोकळी असते असे सुशिक्षितही सांगतात. वस्तुतः हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते ते हवेच्याच आधाराने, आणि त्यासाठी नेहमीच्या डिस्कला गाळणी लावलेले सूक्ष्म छिद्रही असते; हेलियम भरून बंद केलेल्या डिस्का निराळ्या. मात्र आत हवा आहे म्हणून घरी झाकण उघडण्यास हरकत नाही, असे अनुमान कोणी काढू नये : धुळीचा कण त्या अंतराच्या शेकडोपट जाड असतो. टकटक असा नियमित आवाज येत असेल तर वीज बंद करावी. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याच्या तोडग्याने आमच्या दमट किनारपट्टीवर तबकडीवर दव धरण्याखेरीज काही साधत नाही. आणि त्याच मॉडेलचे हिरवे सर्किट आणून बदलावे, तर त्यावरील चिपमध्ये प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळणी नोंदलेली असल्याने नवे सर्किट बहुधा जुन्या तबकड्या ओळखत नाही.

विंडोजच्या चेकडिस्क या आज्ञेविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण सर्वांत अधिक नुकसान मला तिच्यामुळे झालेले दिसते. ही आज्ञा डिस्क दुरुस्त करते असा समज आहे. ती दुरुस्त करते ते दप्तरखान्याची अनुक्रमणिका. कागदांना लागलेली वाळवी तिच्या अखत्यारीत नाही. अनुक्रमणिकेत न बसणारे तुकडे ती ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात निनावी फाइली करून टाकते, आणि ‘आर’ हा पर्याय दिला तर सारी डिस्क तासन्‌तास वाचत बसते. अखेरची घटका मोजणाऱ्या हेडला हा परिश्रम सोसत नाही. अशा वेळी डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने, जे सुस्थितीतील भाग आधी उचलते आणि अवघड भागांची नोंद ठेवून मागाहून त्यांकडे वळते, संपूर्ण प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि काय ती दुरुस्ती त्या प्रतीवर करावी. फॉरमॅटनेही तबकडीवरचा ओरखडा भरून येत नाही.

स्मार्टने ‘ठीक’ म्हटले म्हणून निर्धास्त राहणेही बरे नव्हे. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली १ लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निकामी झालेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी स्मार्टमध्ये कसलीही पूर्वसूचना दिलेली नव्हती. मात्र डिस्कच्या पृष्ठभागाच्या तपासणीत (स्कॅनमध्ये) पहिली चूक आढळल्यावर ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता ३९ पट वाढलेली दिसली. तेव्हा ‘ठीक’चा भरवसा थोडा, पण धोक्याच्या इशाऱ्याचा पुष्कळ धरावा.

शेवटी, नवी डिस्क घातल्यावरही एक तक्रार हटकून येते : दुकानदाराने फसवले, मोठी डिस्क लहान दिसते. जुन्या आयडीई यंत्रांत सेक्टरचा क्रमांक २८ बिटांत लिहीत, त्यामुळे १३७ गिगाबाइटांपलीकडचा प्रदेश त्यांना दिसतच नसे. एक्सपीलाही तो सर्व्हिस पॅक १ पासून दिसू लागला. डिस्कचे विभाग नोंदवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीची मर्यादा सुमारे २.२ टेराबाइट. यंत्राच्या वयाला साजेशी डिस्क घेतली तर दुकानदाराशी भांडण्याचा प्रसंग येत नाही.